फूड सायन्स, फूड टेक की होम सायन्स? बारावीनंतर पुण्यात नक्की काय घ्यावं

लेबलवाचक_पोरगी

नमस्कार सगळ्यांना. बारावी सायन्स झालीये, ग्रुप पीसीएमबी, सीईटीचे पर्सेंटाइल बरे आहेत पण कॉम्प्युटरला चांगलं कॉलेज लागेल इतके नाहीत आणि खरं सांगायचं तर मला कॉम्प्युटर करायचंच नाहीये. नीटची परीक्षा दिलेली नाही. बाबांचं म्हणणं "काहीही कर पण नोकरी लागेल असं कर", आईचं म्हणणं "बाबा म्हणतात तसं कर पण तुला आवडेल तेच कर", म्हणजे दोघांकडून मिळून माहिती शून्य.

मला काय आवडतं ते सांगते, हसू नका. किराणा आणायला गेलं की मी पाकिटांची मागची बाजू वाचत उभी राहते आणि आई बिलाच्या लायनीतून हाका मारत असते. परवा एका मल्टीग्रेन बिस्किटाच्या पुड्यावर ज्वारी, नाचणी, ओट्सची ही एवढी मोठी चित्रं, आणि मागे बघते तर पहिला नंबर मैद्याचा, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी कुठेतरी खाली दीड टक्का. असं छापायला परवानगी कशी मिळते, ती कोण देतं, दीड टक्का तरी खरंच आहे का हे कोण बघतं, आणि आपण चित्र बघून घेतोच का, ह्या सगळ्याचा एकत्र अभ्यास कुठे असतो का हो?

शोधलं तर इतकी नावं निघाली की डोकं गरगरलं. बी.टेक. फूड टेक्नॉलॉजी, बी.एस्सी. होम सायन्स, बी.एस्सी. ऑनर्स कम्युनिटी सायन्स, फूड सायन्स अँड न्यूट्रिशन, न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स. परदेशात काही विद्यापीठांत फूड अँड कन्झ्युमर सायन्स असा सरळ एकच कोर्स असतो, आपल्याकडे तो तुकड्यातुकड्यात वाटलाय असं वाटतंय. होम सायन्सचं नाव काढल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे शिवणटिपण आणि लोणची पापड ना, त्याला फी कशाला भरायची, आजी फुकट शिकवेल." आजी लगेच म्हणाली, "फुकट नाही शिकवणार."

आम्ही धनकवडीत राहतो. पुण्यातच राहून झालं तर बरं, पण हॉस्टेलला घाबरत नाही. कोणी ह्यातलं शिकलेलं किंवा ह्यात काम करणारं असेल तर प्लीज सांगा, रोजचं काम नक्की काय असतं तेही.

रांजणगाव_जनरल_शिफ्ट

परभणीचा फूड टेकवाला आहे, सध्या रांजणगाव एमआयडीसीत एका प्लांटला क्वालिटीत. तू विचारलंस ते आधी सांगतो, कॉलेजचं नंतर.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे, म्हणून मैदा पहिला. आणि पुढे नाचणीचं चित्र काढलं किंवा नाव मिरवलं की ती किती टक्के घातली ते छापणं भाग असतं, म्हणून तो दीड टक्का तुला दिसला. चित्र नसतं तर नुसतं "नाचणीचं पीठ" लिहून सुटले असते. म्हणजे कायदा झोपलेला नाहीये, फक्त तो मागच्या बाजूला बारीक अक्षरात बोलतो आणि मार्केटिंग पुढच्या बाजूला मोठ्याने बोलतं.

आता तपासतं कोण. गंमत अशी आहे की भाजलेल्या बिस्किटात नाचणी किती हे सांगणारं साधं सोपं यंत्र लॅबमध्ये नसतं. ओलावा मोजता येतो, फॅट मोजता येतो, भट्टीत साडेपाचशे डिग्रीला जाळून राख मोजता येते, प्रोटीन मोजता येतं, पण "नाचणी" मोजता येत नाही. ते कागदावर पकडायचं असतं, नाचणीची पोती किती आली, बॅचकार्डावर किती गेली, बिस्किटं किती टन निघाली, हिशोब जुळतो का. ऑडिटर आला की आधी हीच फाइल मागतो. ज्याला अशी गणितं जुळवायला मजा येते तो इथे टिकतो.

आणि प्रोटीन मोजतो म्हणतो ते पण खरं प्रोटीन नसतंच. केल्डाल नावाची टेस्ट तुला पहिल्या दोन वर्षांतच करावी लागेल. नमुना तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा, आधी काळाकुट्ट लगदा होतो, फेस येतो, फ्यूम हुडखाली उभं राहून वाट बघायची, आणि मग हळूहळू ते सगळं निवळून काचेसारखं स्वच्छ हिरवट निळं होतं. मग त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं, दूध असेल तर ६.३८ ने. म्हणजे आपण मोजतो नायट्रोजन आणि म्हणतो प्रोटीन. ह्याच फटीतून २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन नावाचं नायट्रोजनवालं रसायन घातलं गेलं, पाणी घालून पातळ केलेल्या दुधाचा नायट्रोजन वाढवायला, आणि तान्ह्या बाळांच्या किडन्या गेल्या. आमच्या सरांनी हे पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगितलं होतं, त्यानंतर ६.२५ हा आकडा मी कधीच डोळे झाकून लिहिला नाही.

कॉलेजं. परभणीचं फूड टेक कॉलेज १९७६ चं, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं, फी सरकारी, हॉस्टेल आहे, ऊन मात्र असं की पुणेकर पहिल्या एप्रिलमध्ये रडतो. मुंबईला आयसीटी, म्हणजे माटुंग्याची केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, पूर्वीचं यूडीसीटी, तिथे फूड इंजिनिअरिंग आहे, मॅथ्स लागतं ते तुझ्याकडे आहे, कटऑफ मात्र कडक. पुण्यात राहूनच करायचं तर लोणी काळभोरला एमआयटी एडीटीत फूड टेक आहे, पण ते खाजगी विद्यापीठ, फी आधी बघून घे. पुढे मास्टर्स करावंसं वाटलं तर म्हैसूरचं सीएफटीआरआय, म्हणजे केंद्राची अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था.

सिलॅबसमध्ये स्वयंपाक शोधू नको. हीट ट्रान्सफर, मायक्रोबायॉलॉजी, डेअरी, धान्य, पॅकेजिंग, रेफ्रिजरेशन. शेवटच्या वर्षी इनप्लांट ट्रेनिंग. आणि नोकरीत पहिली काही वर्षं शिफ्ट, केसांवर जाळी, अंगठी नाही, परफ्यूम नाही, दर तासाला मेटल डिटेक्टरमधून लोखंडाचा, बिगरलोखंडी आणि स्टीलचा असे टेस्ट पीस पाठवायचे आणि पट्टा थांबतो का बघून सही करायची. कंटाळवाणं वाटतं ना, ज्या दिवशी पट्टा थांबत नाही त्या दिवशी कळतं. पहिला पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीला सांगण्यासारखा नसेल, एवढं मनात धरूनच ये.

शनवारातला_काका

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पीसीएमबी घेतलंय, मार्क बरे आहेत, तर सरळ बी.फार्म. करावं. औषध माणूस मरेपर्यंत घेतो. नाहीतर बी.एस्सी. ॲग्री करून एमपीएससी. ह्या फूड न्यूट्रिशनवाल्या पुण्यात दर सोसायटीत दोन आहेत आणि तिसरी जिममध्ये बसते. आमच्या भाचीने केलं, आता इन्स्टावर ओट्सचे उपमे दाखवते. लेबल वाचायची आवड असेल तर ती रविवारीही जोपासता येते, त्यासाठी तीन चार वर्षं घालवायची गरज मला तरी वाटत नाही.

कर्वेरोड_होमसायन्स

काका, अन्नही माणूस मरेपर्यंतच घेतो, आणि औषधापेक्षा जास्त वेळा.

पोरी, मी नळस्टॉपजवळ एसएनडीटीत होम सायन्स केलं, मग मास्टर्स, आणि आता एका कंपनीसाठी सेन्सरी (चव, वास, रूप माणसांकडून तपासून घेणं) आणि कन्झ्युमर रिसर्च करते, म्हणजे तू जे "आपण चित्र बघून का घेतो" विचारलंस ना ते माझं पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तुझ्या बाबांसाठी. होम सायन्स हा एक विषय नाहीये, एका छपराखालचे पाच आहेत. फूड अँड न्यूट्रिशन, ह्यूमन डेव्हलपमेंट म्हणजे बालविकास वगैरे, टेक्स्टाइल्स, रिसोर्स मॅनेजमेंट, आणि एक्स्टेंशन कम्युनिकेशन. ग्राहकाचा अभ्यास, म्हणजे घरातला पैसा कसा खर्च होतो, माणूस वस्तू कशी निवडतो, त्याचे हक्क काय, हे रिसोर्स मॅनेजमेंटमध्ये येतं. कृषी विद्यापीठांत ह्यालाच आता कम्युनिटी सायन्स म्हणतात, परभणीला ते कॉलेजही आहे, फूड टेकचं वेगळं आणि हे वेगळं, गल्लत करू नको फॉर्म भरताना. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं आहे, एसएनडीटी तर कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं विद्यापीठ, म्हणजे हे काही काल निघालेलं फॅड नाही. लोणचं होतं हो आम्हाला, पण त्यात मीठ किती टक्के, आम्लता किती, पीएच ४.६ च्या खाली आहे का हे काढायला होतं, कारण त्याच्यावर गेलं तर बंद बरणीत बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, जंतू वाढू शकतो. आजीला हे आकडे माहीत नसतात पण तिचं लोणचं टिकतं, आम्हाला ते का टिकतं हे लिहून द्यावं लागायचं आणि त्याला मार्क होते.

आता सेन्सरी. लोकांना वाटतं चव बघणं म्हणजे खाणं आणि छान आहे म्हणणं. आमच्या लॅबमध्ये ओळीने छोटे कप्पे होते, मध्ये लाकडी पाट्या, समोर एक झडप, त्यातून ट्रे यायचा. ट्रेवर तीन वाट्या, प्रत्येकीवर तीन आकडी नंबर, ४७२, ८१९, २३६ असे काहीही, कारण अ ब क लिहिलं की माणूस अ ला उगाच चांगलं म्हणतो. तिन्हीपैकी दोन वाट्यांत एकच पदार्थ, एकीत वेगळा, आणि सांगायचं वेगळी कुठली. शेजारी साधं पाणी, तोंड धुवायला. रंगावरून ओळखू नये म्हणून लाल दिवा लावायचा, त्या उजेडात भाजून तांबूस झालेली चकली आणि फिकी चकली सारखीच दिसते. सकाळी अकराच्या आसपास बसायचं, ना उपाशी ना जेवून, आणि आधी चहा तंबाखू काही नाही.

ह्याला ट्रँगल टेस्ट म्हणतात आणि ह्यातली खरी गंमत चवीत नाही तर गणितात आहे. तीनात एक निवडायची म्हणजे नुसता अंदाज ठोकला तरी तिसरा हिस्सा लोक बरोबर येणार. तीस जण बसवले तर दहा जण झोपेतही बरोबर. मग किती बरोबर आले की म्हणायचं की फरक खरंच कळतोय? तीसात पंधरा, पाच टक्के चुकीची मुभा ठेवून. चौदा आले तर तू म्हणू शकत नाहीस, कितीही वाटलं तरी. कंपनीला तेल बदलायचं असतं, स्वस्त तेलात तळायचं असतं, आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नसतं, तेव्हा ह्या चौदा आणि पंधरावर मीटिंगमध्ये भांडणं होतात. तेव्हा ज्यांना स्टॅट्स नको म्हणून ह्या बाजूला यायचंय त्यांनी येऊच नये, इथे स्टॅट्स भरपूर आहे.

फरक कळतो का हा एक प्रश्न, आवडतं का हा वेगळा. त्यासाठी नऊ पायऱ्यांची पट्टी असते, अजिबात आवडलं नाही पासून प्रचंड आवडलं पर्यंत, अमेरिकन लष्कराच्या जेवणासाठी तयार केलेली, आणि अजून जगभर तीच वापरतात. पुण्यात ती वापरताना एक अडचण येते ती कुठल्याही पुस्तकात नाही. आपली माणसं नऊ देतच नाहीत. "बरं आहे" म्हणजे पाच की आठ हे ओळखायला पुण्यात वाढावं लागतं.

आणि माणूस बोलतो एक, घेतो दुसरं. कमी मिठाचे पापड करायचे म्हणून आम्ही बायकांच्या गटांशी बोललो, सगळ्या म्हणाल्या हो हो बीपी असतं आमच्याकडे, हवेच कमी मिठाचे. मग नाव न सांगता दोन्ही पापड भाजून दिले, तर जास्त मार्क खारट पापडाला, आणि त्याच बायका! खोटं नव्हत्या बोलत त्या. बोलताना त्या नवऱ्याच्या बीपीसाठी बोलत होत्या, खाताना स्वतःच्या जिभेने खाल्लं. तुझ्या बिस्किटाचं तेच आहे, चित्रातली नाचणी आपण विकत घेतो आणि मैदा खातो, आणि दोन्हीचं समाधान मिळतं म्हणून तक्रार करत नाही.

माझं मत असं की तुला दोन्ही बाजू लागणार. पदवी फूडची घे, टेक किंवा न्यूट्रिशन काहीही, आणि ग्राहकाची बाजू मास्टर्सला किंवा प्रोजेक्टमधून घे. उलटं करणं अवघड जातं, केमिस्ट्री नंतर शिकायला कोणी बसत नाही.

पथ्यपाणी

शनवारातले काका, इन्स्टावरच्या सगळ्याच डायटिशियन नसतात, हाच तर आमचा वैताग आहे. मी हॉस्पिटलमध्ये काम करते. डायलिसिसच्या पेशंटला नारळपाणी "नैसर्गिक आहे" म्हणून कोणीतरी रीलमध्ये सांगितलं आणि तो पिऊन आला, रक्तातलं वाढलेलं पोटॅशियम बघून डॉक्टर हादरले. असो.

मूळ धागाकर्तीला: तुझ्या लिहिण्यावरून तुला पेशंट नकोयत असं वाटतंय, मग डायटेटिक्स नको घेऊस. इथे दिवसभर माणसं, त्यांचे नातेवाईक, किचनचा ट्रे, परत आलेला ट्रे. रजिस्टर्ड डायटिशियन व्हायचं तर पदवीवर भागत नाही, पुढचं शिक्षण, हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा. मला आवडतं, पण लेबलं वाचणारीला इथे लेबलं कमी आणि रिपोर्ट जास्त मिळतील.

आणि एक महत्त्वाचं, कोणी सांगेल घरबसल्या डिस्टन्सने न्यूट्रिशन कर, तर ते आता विसर. यूजीसीने २०२५ च्या जुलै ऑगस्टच्या सत्रापासून फूड अँड न्यूट्रिशन सायन्स आणि क्लिनिकल न्यूट्रिशन हे डिस्टन्स आणि ऑनलाइन द्यायला बंदी केलीये, बरोबर सायकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी वगैरे पण आहेत. अजून ऑनलाइन ॲडमिशनच्या जाहिराती दिसतात, पैसे भरण्याआधी यूजीसीच्या साइटवर बघ.

कुठेही गेलीस तरी हैदराबादच्या एनआयएनचे (राष्ट्रीय पोषण संस्था) २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते डाउनलोड करून ठेव, ५२८ पदार्थांचं विश्लेषण आहे. चाळायला मजा येते, तुला तर येईलच.

जागा_ग्राहक_सदाशिव

चर्चा वाचून समाधान वाटले. माझा विषय अन्न नाही, मी बँकेतून निवृत्त झालो आणि नंतर ग्राहक चळवळीत थोडंफार काम केलं, म्हणून लिहितो.

बाळा, तू ज्याला परदेशातला अभ्यासक्रम म्हणतेस त्यातली ग्राहकाची अर्धी बाजू ह्या पुण्यातच उभी राहिली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली इथेच ग्राहक पंचायत सुरू केली, ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ ला आला. आता तो जाऊन २०१९ चा आलाय, २० जुलै २०२० पासून लागू. त्यात फसव्या जाहिरातींसाठी वेगळं केंद्रीय प्राधिकरण आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही, हे अजूनही लोकांना माहीत नसतं. पाकिटावर आता दर ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं तेही छापावं लागतं. दहाचा पुडा दहालाच ठेवून आतला माल कमी करायची युक्ती ओळखायला ते फार उपयोगी आहे, वाचत जा आणि आईलाही वाचायला लाव.

अजून एक उदाहरण. दुधात घालायच्या पावडरींवर लोक वर्षानुवर्षं हेल्थ ड्रिंक म्हणून विश्वास ठेवत आले. एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) ऑनलाइन दुकानदारांना सांगितलं की अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही, त्या नावाखाली विकू नका. ह्या अशा गोष्टी पकडायला वकील पुरत नाही आणि नुसता शास्त्रज्ञही पुरत नाही. आमच्या बैठकांना कायदा जाणणारे पुष्कळ यायचे, पण बाटलीवरचं वाचून त्याचा अर्थ सांगणारं कोणी नसायचं, मग आम्ही अंदाजाने भाषणं ठोकायचो. तुझ्यासारखी एक मुलगी असती तर निम्मी भाषणं वाचली असती.

लेबलवाचक_पोरगी

बाप रे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना खूप थँक्यू. कर्वेरोड ताई, तुमचा मेसेज मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, बोटुलिझमला ते गप्प झाले आणि पुण्यात कोणी नऊ देत नाही ह्याला हसले, म्हणजे काम झालंय असं वाटतंय. आजीने विचारलं पीएच म्हणजे काय, सांगितलं, मग म्हणाली "ते मला बोटाला कळतं".

दादा (रांजणगाव), दोन प्रश्न. एक, अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर कुठली डिग्री चालते? काका एमपीएससी म्हणाले तेव्हापासून बाबांच्या डोक्यात तेच बसलंय. दोन, फी. आम्ही ओबीसी, बाबांचं उत्पन्न आठ लाखाच्या आत आहे. मुलींना फी माफ झाली म्हणतात ती ह्या कोर्सला आहे का?

रांजणगाव_जनरल_शिफ्ट

एक एक घेतो. अन्नसुरक्षा कायद्याच्या २०११ च्या नियमांत फूड सेफ्टी ऑफिसरसाठी जी यादी आहे त्यात फूड टेक, डेअरी टेक, बायोटेक, ऑइल टेक, ॲग्रिकल्चर, व्हेटर्नरी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी ह्यांची पदवी, किंवा केमिस्ट्रीचं मास्टर्स, किंवा मेडिसिन असं आहे. होम सायन्स हे नाव त्या यादीत नाही. सरकारी भरतीत क्लार्क डिग्रीवरचं नाव आणि जाहिरातीतलं नाव शेजारी ठेवून बघतो, तू आत काय शिकलीस ते बघत नाही. म्हणून बाबांना तो दरवाजा उघडा हवा असेल तर फूड टेक घे, आणि जाहिरात निघेल तेव्हा शब्द न शब्द वाच, तशी तुला सवय आहेच.

ते काम म्हणजे रेड टाकून टीव्हीवर येणं असं नसतं हेही बाबांना सांग. नमुना घेतला की त्याचे चार भाग करून सील करायचे, एक फूड ॲनालिस्टकडे, दोन वरच्या अधिकाऱ्याकडे राखून ठेवायला, चौथा दुकानदाराने मागितला तर त्याच्या पसंतीच्या मान्यताप्राप्त लॅबला. ॲनालिस्टने चौदा दिवसांत रिपोर्ट द्यायचा. एका बरणीचं सील नीट नसलं की कोर्टात केस पडते, माल कितीही भेसळीचा असो. पंचनामा आणि सीलची लाख, निम्मी नोकरी ह्यातच.

फी. २०२४ च्या जीआरने आठ लाखाच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, पण ॲडमिशन सरकारी कॅप राउंडमधूनच (केंद्रीय प्रवेशफेरी) हवी आणि खाजगी विद्यापीठं, खाजगी अभिमत ह्यातून वगळलेली आहेत. म्हणजे लोणी काळभोरला घर जवळ पण माफी नाही, परभणीला माफी पण रात्रभराचा प्रवास. हॉस्टेल मेसचा खर्च वेगळा धर, तो माफ नसतो. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमिलेअर आत्ताच काढायला टाक, ॲडमिशनच्या आठवड्यात तहसीलला उभं राहायलाही जागा नसते.

कर्वेरोड_होमसायन्स

आणि ठरवण्याआधी लॅब बघ. कुठलंही कॉलेज असो, ॲडमिशनच्या माणसाला सांग मला केल्डालचा सेट आणि सेन्सरीचे कप्पे दाखवा. यंत्रावर धूळ असेल, किंवा कप्प्यात जुन्या खुर्च्या रचलेल्या असतील, तर ब्रोशर कितीही गुळगुळीत असो, निघून ये. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचार की गेल्या सेमिस्टरला प्रॅक्टिकल किती प्रत्यक्ष झाली आणि किती जर्नलमध्ये उतरवली.

शनवारातला_काका

फी माफ आहे हे आधी सांगायचं ना. मग फूड टेक घे. परभणीला आमचे साडू आहेत, कृषी विद्यापीठापासून रिक्षाने दहा मिनिटं. रविवारी जेवायला जात जा, साळी फार छान करते पुरणपोळी. तिच्या लेबलात काही लिहिलेलं नसतं.

लेबलवाचक_पोरगी

काका थँक्यू!! पत्ता मेसेज करा. बाबा उद्या तहसीलला जाताहेत, आणि शनिवारी आम्ही दोघं लोणी काळभोरला लॅब बघायला. मग परभणीचं बघू.